सत्तावीस अंशांची खोली

आमच्या जिल्ह्यात हीटर म्हणजे बादलीत बुडवायचा रॉड. दुसऱ्या कुठल्या हीटरशी कोणाची ओळख नाही आणि गरजही नाही. वर्षातले आठ महिने आम्ही उन्हाच्या नावानं बोटं मोडतो आणि उरलेल्या चार महिन्यांत त्याच उन्हात बसायला जागा शोधतो. त्यामुळे नवऱ्यानं यवतमाळहून तो चाकांचा, उभ्या पत्र्याच्या पट्ट्यांचा, आत तेल भरलेला हीटर आणून घाटंजीला माझ्या माहेरच्या ओसरीत उतरवला, तेव्हा शेजारच्या काकूंनी फाटकातूनच विचारलं की यात पाणी कुठून टाकतेत. मी आतल्या खाटेवरून ओरडून सांगितलं, काकू, याला पाणी नाही लागत, अक्कल लागते. काकू निघून गेल्या. आई म्हणाली, बाळंतीण झाली तरी हिच्या जिभेला हाड नाही. खरंच नाही. त्या महिन्यात तर मुळीच नव्हतं, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

कारण असं होतं. माझी लेक सात आठवडे लवकर झाली. एक किलो आठशे ग्रॅम. यवतमाळच्या दवाखान्यात ती पंधरा दिवस काचेच्या पेटीत होती, आणि त्या पंधरा दिवसांत मला तिला पेटीच्या गोल भोकातून हात घालून शिवता यायचं. बस, एवढंच. ती माझं बोट मुठीत धरायची आणि वेळ संपली की सिस्टर तिची मूठ हळूच सोडवायच्या. ते मूठ सोडवणं मला बघवत नसे. घरी सोडताना सिस्टरनं मला समोर बसवून बजावलं. दर दोन तासांनी दूध. खोली सत्तावीस अंशांच्या आसपास, आणि तेही भिंतीवर थर्मामीटर लावून, हाताच्या अंदाजानं नाही. धूर नको, गर्दी नको. दर सोमवारी वजन. वजन उतरलं, अंग गार पडलं, दूध ओढेनाशी झाली तर परत पेटीत. मी मनाशी एकच गोष्ट पक्की केली. माझं पोट्टं परत त्या पेटीत जाणार नाही. त्यासाठी जे करावं लागेल ते करीन. ज्याला वाईट वाटायचं त्याला खुशाल वाटो.

आता आमच्या घराची गोष्ट. हे घर बाबांनी नोकरीत असताना बांधलं. ते तहसील कचेरीत कारकून होते, तिथूनच रिटायर झाले. घर बांधलं ते उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून. प्रत्येक खोलीला वर दोन झरोके, दारांखाली बोटभर फट, आणि एक खिडकी खास कुलरसाठी, जिला गजही नाहीत आणि पल्लाही नाही. हिवाळ्यात कुलर जातो स्लॅबवर आणि त्या भोकाला टेकवतो एक प्लायचा तुकडा. या घरातून उष्णता बाहेर काढायच्या शंभर वाटा होत्या, आत ठेवायची एकही नव्हती. घरामागून लगेच तुरीची वावरं सुरू होतात आणि पौषात पहाटे त्या वावरांवरून जी थंडी आत येते ती हाडात शिरते. पहिल्या दिवशी सकाळी थर्मामीटरनं सतरा दाखवले. मी लेकीला पोटाशी धरून बसले आणि आईला सांगितलं, आज ही खोली बंद करायची.

केली बंद. कुलरच्या खिडकीवर कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं फ्लेक्स चौपदरी करून ठोकलं. साहेबांचा चेहरा आतल्या बाजूला आला आणि ते महिनाभर माझ्याकडे हात जोडून हसत राहिले. झरोक्यांना पुठ्ठे लावले. दाराखालच्या फटीत जुनी गोधडी गुंडाळून घातली. मग हीटर. त्याच्या गोल बटणावर शून्य ते सहा आकडे होते. अंश नाहीत, नुसते आकडे. आईला वाटलं, सहावर ठेवलं की खोली लवकर गरम होईल. नाही होत. हे मी माहितीपत्रक वाचून शिकले होते. हीटर तापतो तेवढाच तापतो, बटण फक्त कुठे थांबायचं ते सांगतं. मी आधी पूर्ण फिरवलं, खोली सत्तावीसला येऊ दिली, मग बटण अगदी हळू उलटं फिरवत आणलं. एका जागी आतून 'टक' झालं आणि लाल दिवा विझला. तीच ती जागा. तिथे मी नेलपॉलिशचा ठिपका दिला. आता खोली थोडी थंडावली की हीटर आपला आपण सुरू व्हायचा, गरम झाली की आपला आपण थांबायचा. दुपारी स्लॅब तापला की ठिपक्याच्या जरा अलीकडे, पहाटे जरा पलीकडे. दोन दिवसांत मला त्या बटणाची नस सापडली. बाळंतपणात मला एवढा आनंद दुसऱ्या कशानं झाला नाही, हे खरंच सांगते.

आणि मग नेरहून आत्या आली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्या घराण्यातली सगळी बाळंतपणं तिनं काढली. मला तिनं शेकलं, माझ्या भावाला तिनं शेकलं, चुलत, आते, सगळ्यांना. शेकणं म्हणजे बाळंतिणीच्या बाजेखाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा न् बाळंतशोपाची धुरी, दारं खिडक्या बंद. एसटीतून ती एक पोतं घेऊन उतरली. त्यात गोवऱ्या होत्या. तिची स्वतःची शेगडीही होती, दोन कानांची, लोखंडाची. हीटरकडे तिनं एकदाच पाहिलं. म्हणाली, याच्यात विस्तव कुठं हाय. मी सांगितलं, विस्तव नाही, म्हणूनच आणला.

संध्याकाळी मी डोळे मिटून पडले होते तर खाटेखालून धूर यायला लागला. लेकीला एक बारीकसा ठसका लागला. एकच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. उठले, ती शेगडी दोन्ही कानांना फडकं धरून उचलली, मागच्या अंगणात नेली आणि मोरीजवळची अख्खी बादली तिच्यावर ओतली. फस्स करून राख उडाली. आई डोक्याला हात लावून उभी. बाळंतिणीनं घरातला विस्तव विझवला, यापेक्षा मोठा अपशकुन काय असतो.  आत्या जाऊन देवघरापुढे बसली. मी आत आले, भाची इथे विसरून गेली होती त्या पेनानं एक कागद लिहिला आणि दारावर चिकटवला: 'आई आणि आत्या सोडून कोणीही आत येऊ नये. हात धुतल्याशिवाय त्यांनीही नाही. शेगडी, धुरी, उदबत्ती बंद.' आत्याचं नाव मी खोडणार होते. आईनं हात धरला म्हणून राहिलं.

बाबांसाठी त्या कागदाची तशी गरज नव्हती. आमच्यात सव्वा महिना होईस्तोवर घरातला पुरुषमाणूस बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवत नाही. बाप तर नाहीच. नवरासुद्धा शनिवारी यायचा तो दाराच्या फटीतून लेकीला पाहून जायचा, पण तो नव्या काळातला, आत यायला दोन्ही पायांवर नाचत उभा असायचा. बाबा कागदाजवळ गेले, चष्मा लावला, पूर्ण वाचला, दोनदा वाचला, मान हलवली. उभी हयात लेखी आदेशात गेलेला माणूस. त्या दिवसापासून त्यांनी आपली प्लास्टिकची खुर्ची माझ्या दाराला लागून टाकली आणि पेपर घेऊन तिथे बसायला लागले. सकाळपासून रात्रीपर्यंत. पेपर केव्हाच वाचून संपलेला असायचा.

आतून मला त्यांचं खोकणं ऐकू यायचं. बाहेरून त्यांना काय ऐकू येत असेल याचा मी विचार केला नाही. लेक रडायची, चुपायची. आणि हीटर 'टक' करायचा. मग थोड्या वेळानं पुन्हा 'टक'. त्यांना लाल दिवा दिसत नव्हता, थर्मामीटर दिसत नव्हता, नुसतं ते टक ऐकू येत होतं. दोन दिवस त्यांनी आईकडून निरोप पाठवले. हीटर बंद पडला काय? मी आतून म्हटलं, पडला नाही, थांबला आहे. तासाभरानं पुन्हा निरोप. आताही बंद पडला वाटते. मी वैतागून ओरडले की बाबा, त्याला समजते, तुम्ही तुमचा पेपर वाचा. एवढंच. समजावून नाही सांगितलं. दर दोन तासांनी दूध पाजायचं, मध्ये कपडे बदलायचे, अंगावरचं दूध ओघळायचं, डोळ्यांत झोप चुरचुरायची. आणि खरं सांगायचं तर मी तेव्हा घरातल्या सगळ्यांना एकाच पारड्यात टाकून मोकळी झाले होते. एकीकडे मी आणि माझी लेक, दुसरीकडे हे सगळे अडाणी.

पहिल्या सोमवारी वजन भरलं एक किलो नऊशे साठ. दुसऱ्या सोमवारी दोन किलो एकशे दहा. मी कागदाखाली ते आकडे मोठ्या अक्षरात लिहून लावले, म्हणजे येता-जाता आत्याला दिसावेत. दुष्टपणाच होता तो. आत्यानं आकडे पाहिले आणि डिंकाच्या लाडवाची ताटली माझ्यापुढे आदळली. जेवणात मात्र तिनं कधी कसर केली नाही. मेथी, डिंक, खसखशीची खीर, सगळं वेळेवर. बोलायचं मात्र नाही.

त्यानंतरचा गुरुवार. रोज दहा वाजता मालिशवाल्या मावशी यायच्या. मागच्या न्हाणीतच तेल लावणं, अंग चोळणं, मग तिथेच कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ, मग केस वाळवणं. एक-दीड तास जायचा. तेवढा वेळ लेक आत्याच्या मांडीवर. त्या दिवशी मावशींनी दोन हंडे जास्त ओतले आणि मी चांगली रमतगमत आले. दार उघडलं आणि तोंडावर भपकारा आला. चुलीचं तोंड उघडावं तसा. थर्मामीटरचा पारा पस्तिसावर. आत्या खाटेवर बसलेली, मांडीवर लेक दोन दुपट्यांत आणि वरून शालीत, डोक्याला टोपडं. तिचा चेहरा लालभडक. श्वास भरभर चालू. डोळे मिटलेले.

आत्या म्हणाली, "अंग तापलं हिचं. ताप आला. म्हणून अजून एक घातलं."

मी हीटरकडे धावले. बटण माझ्या ठिपक्यावरच होतं. लाल दिवा पेटलेला. मी बटण एकवर आणलं. दिवा पेटलेलाच. शून्यावर आणलं. टक नाही, काही नाही, दिवा पेटलेलाच. ते बटण आता नुसतं फिरत होतं, त्याला आत धरणारं कोणी नव्हतं. मी प्लग उपटला.

मग मी काय काय केलं ते मला एका दमात आठवतं. शाल फेकली, दुपटी सोडली, टोपडं काढलं. लेकीला नुसत्या झबल्यात उचललं आणि ओल्या केसांनी, सव्वा महिन्याच्या आत, बैठकीकडचा उंबरठा ओलांडून बाहेर आले. खिडकीपासून लांब, पण मोकळ्या हवेत. काखेत थर्मामीटर लावला. अडतीस पूर्णांक तीन.  सिस्टरला फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, हा ताप नसेल, जास्त गरम झालं असेल. कपडे कमी, दूध पाजा, अर्ध्या तासानं पुन्हा मोजा. उतरलं नाही किंवा बाळानं ओढलं नाही तर गाडी करून सरळ इकडे या. पेटी तयार ठेवतो.

पेटी तयार ठेवतो. हे तीन शब्द ऐकले आणि मी आत्याकडे वळले.

त्या अर्ध्या तासात मी आत्याला जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. लेकीला छातीशी धरून, तिच्या ओठांवर दूध लावत, मी बोलत राहिले. शेगडी विझवली म्हणून तू हा सूड उगवला. तुला मशीन समजत नाही तर हात कशाला लावला. इतकी लेकरं शेकली म्हणतेस, त्यातली किती आपल्या नशिबानं जगली ते तरी मोज. हे शेवटचं वाक्य बोलू नये असं होतं.  आत्या दाराच्या चौकटीत उभी होती, हातात ती शाल तशीच. आई मध्ये काही बोलायला गेली तर आत्यानं तिला नुसत्या हातानं थांबवलं. बाबा खुर्चीवरून उठून केव्हाच ओसरीत गेले होते. मला वाटलं, बाळंतीण बैठकीत आली म्हणून रीत पाळून गेले. त्यांची पाठ तेवढी दिसत होती.

लेक ओढत नव्हती. मी बोट लावलं, गाल चोळला, तळपायाला टिचक्या मारल्या. माय वो, ओढ ना, मी तिला म्हणत होते, ओढ, नाहीतर पुन्हा ते भोक अन् ती काच. वीस मिनिटं झाली असतील. तिनं डोळे उघडले, तोंड वाकडं केलं आणि एकदम धरलं. दोन घोट, थांबली, मग पुन्हा. मी रडत होते की बोलत होते मला माहीत नाही. अर्ध्या तासानं सदतीस पूर्णांक सहा. पाऊण तासानं सदतीस पूर्णांक एक. सिस्टर म्हणाल्या, छान, आता येऊ नका, पण संध्याकाळपर्यंत मोजत राहा.

दुपारी जेवायला बाबा आले नाहीत. आईनं दोनदा हाक मारली. भूक नाही म्हणाले. बाबांना भूक नाही हे मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. मी आत्याकडे पाहिलं. ती माझं ताट वाढत होती. आळणी भाजी, बाजरीची भाकर, वर तुपाची धार. ताट ठेवून ती पहिल्यांदाच माझ्याजवळ खाली बसली.

"तुह्या बापानं केलं ते," ती म्हणाली. "त्याले वाटलं मशीन घडीघडी बंद पडून राह्यली. पोट्टी गारठून जाईन म्हणे. तू न्हाणीत होती तवा वायरमन बोलावला. मी हीटर भायेर नेऊन देल्ला. त्यानं डायरेक्ट करून देल्ला. मी आत आणून ठेवला."

डायरेक्ट. हा शब्द आमच्याकडे प्रत्येक घरात आहे. इस्त्री मध्येच थंड होते, करा डायरेक्ट. गिझर आपोआप बंद होतो, करा डायरेक्ट. आतली थांबवणारी चकती काढून टाकायची आणि दोन वायरी एकमेकींना जोडून द्यायच्या, की झाली दुरुस्ती. मग ती वस्तू थांबतच नाही. आमची इस्त्री कित्येक वर्षांपासून डायरेक्ट आहे आणि बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की अजून एकदाही बंद पडली नाही.

मी म्हटलं, मग तू मघाशी बोलली काहून नाही? मी तुला नाही नाही ते बोलले.

आत्या म्हणाली, "मले बोलली तर चालते. त्याले बोलली असती तर तो जेवलाच नसता."

आणि तसे ते जेवलेच नव्हते. तेवढं बोलून आत्या उठली, पदरानं डोळे पुसले नाहीत, काही नाही, माझ्या ताटात अजून तूप वाढून गेली. मी तिची माफी मागितली का? तेव्हा नाही. तेव्हा मला तिचाही राग आला होता आणि त्याहून जास्त माझा. मी माणसाला दाराबाहेर बसवला, कागद लिहून बसवला, त्याला टकटक ऐकवत ठेवली आणि समजावून सांगायला मला दोन मिनिटं मिळाली नाहीत. शेगडी विझवल्याचा मला पश्चात्ताप नाही. आजही कोणी पेटवली तर आजही विझवीन. पण बाबांशी मी जे केलं ते चूकच होतं, आणि त्यात माहितीपत्रक माझ्या बाजूनं होतं म्हणून ते कमी चूक होत नाही.

खोली निवल्यावर मी लेकीला घेऊन आत परतले होते. चार वाजता उन्हं उतरली आणि गारवा जाणवायला लागला. हीटर आता कामाचा नव्हता. नवरा दुसरा घेऊन निघाला होता, पण त्याला पोचायला अंधार होणार होता. सिस्टरनं दवाखान्यातच शिकवून ठेवलं होतं की काही नसेल तर बाळाला उघड्या छातीवर कातडीला कातडी लावून उभं बांधायचं, वरून पांघरूण घ्यायचं. माणसाची छाती बाळाला हवी तेवढीच ऊब देते. दुपारभर मीच बांधून होते. पाठ मोडून आली होती. आई घेऊ शकली असती. आत्या तर हात धुऊन तयारच उभी होती. मी म्हटलं, बाबांना बोलवा.

आई म्हणाली, अगं, सव्वा महिना. आत्या म्हणाली, घरात एवढ्या बाया असताना पुरुषमाणूस कायले, अन् तेही उघड्या अंगानं, लेकीच्या खोलीत, लोकं काय म्हणतीन. मी म्हटलं, लोकं काय म्हणायचं ते फाटकाबाहेर म्हणतील. या खोलीत मी सांगीन तो येईल. बाबांना बोलवा, नाहीतर मी जाते ओसरीत, पोट्टीला घेऊन, आहे तशी.

ते आले ते दारापर्यंत. चप्पल बाहेर काढली, हात धुतलेले होते, कोपरापर्यंत ओले. आत पाय टाकेनात.

"मी नाई येत," ते खाली बघून म्हणाले. "माह्या हातानं झालं ते. मले तिच्याजवळ नोको आणू."

मी त्यांच्या मनगटाला धरून आत ओढलं. बाळंतिणीनं बापाला शिवायचं नसतं, तेही केलं. खुर्ची त्यांची आणून खाटेजवळ ठेवली, बसवलं. शर्टाची बटणं मीच काढली, त्यांना ती निघत नव्हती. बनियन वर केली. आत्यानं भिंतीकडे तोंड केलं, पण खोलीतून गेली नाही. मी लेकीला झबलं काढून त्यांच्या छातीवर उभं ठेवलं, डोकं एका बाजूला, आणि आईच्या जुन्या नऊवारीच्या पट्ट्यानं दोघांना बांधलं. वरून शाल. बाबांनी दोन्ही हात हवेत धरले होते. कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. मी एक हात धरून तिच्या पाठीवर ठेवला, दुसरा तिच्या खाली. त्यांचा तळहात तिच्या अख्ख्या पाठीएवढा होता.

मग मी त्यांना सगळं सांगितलं, जे दहा दिवसांपूर्वी सांगायला पाहिजे होतं. हीटर थांबतो म्हणजे काय, ठिपका कशाचा, थर्मामीटर कसा वाचायचा. त्यांनी भिंतीवर वाचून दाखवला. चोवीस. काखेतला मी लावला, तोही त्यांनीच वाचला. छत्तीस पूर्णांक आठ. त्यांनी तो आकडा मोठ्यानं पुन्हा एकदा म्हटला. लेकीनं झोपेतच मूठ उघडली आणि त्यांच्या छातीवरचे पांढरे केस मुठीत धरले. दुखत असणार. त्यांनी ती मूठ सोडवली नाही.

मी शाल सारखी केली. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू झाली तवाही मी असाच दाराभायेर होतो. सव्वा महिना. तुहाबी नुसता आवाजच ऐकला मी. धरलं नाई कधी."

मी चौतीस वर्षांची आहे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, मग धरलं का नाही, कोणी अडवलं होतं? त्यांनी मानेनं आत्याच्या पाठीकडे दाखवलं, मग स्वतःकडे, मग दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे नुसती मान हलवली. आत्या भिंतीकडे तोंड करूनच उभी होती. तिचे खांदे हलत होते.

नवरा रात्री नवा हीटर घेऊन पोचला तेव्हा बाबा अजून तसेच बसलेले होते. उठा म्हटलं तर म्हणाले, झोपली आहे, अजून जरा राहू दे. सव्वा महिना पुरा व्हायला अजून पंधरा दिवस होते. ते पंधराही दिवस ते रोज चार वाजता हात धुऊन आत आले, आणि शर्टाची बटणं स्वतःच काढू लागले.